जुनी कॅम्पर व्हॅन वाटेत बिघडली तर : काय तपासायचं, कशाने, कोणत्या क्रमाने

रस्तावेडा

वीस-पंचवीस वर्षं किंवा त्याहून जुन्या कॅम्पर व्हॅनसाठी हा धागा काढतोय. म्हणजे यांत्रिक पंपाचं डिझेल इंजिन किंवा कार्ब्युरेटरचं पेट्रोल इंजिन, संगणक नाही किंवा असलाच तर नावापुरता. अशा गाडीचा बिघड रस्त्याच्या कडेला पाना, टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर एवढ्यावर सापडू शकतो. मात्र भाग बदलण्याआधी तपासायची सवय हवी. अंदाजाने तीन भाग बदलले आणि चौथ्याने गाडी सुरू झाली, तर बिघड कशाचा होता ते शेवटपर्यंत कळत नाही.

कॅम्परचा त्रास साध्या व्हॅनपेक्षा वेगळा असतो. ती कायम भरलेली असते. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, त्यात फर्निचर, गॅस, दुसरी बॅटरी. शिवाय ती महिनोन् महिने उभी असते आणि मग एकदम लांब पल्ल्याला निघते. त्यामुळे इंजिनच्या झिजेपेक्षा रबर, वायरींचे जोड आणि ब्रेक आधी दगा देतात.

सुरुवातीला एवढं ठरवून टाका की कशासाठी जागच्या जागी थांबायचं. ऑइल प्रेशरचा दिवा, लाल पट्ट्यात गेलेला तापमानाचा काटा, खाली बसणारं ब्रेकचं पेडल, इंधनाचा वास, आणि वेगाबरोबर वाढणारी चाकाची थरथर. यातलं काहीही झालं की कडेला घ्यायचं, "पुढच्या गावापर्यंत जाईल" हा हिशोब करायचा नाही. ऑइलचा दिवा लागला तर इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल तर बिघडलेला सेन्सर असू शकतो, पण प्रेशर गेज लावून खात्री होईपर्यंत इंजिन सुरू करू नका.

चार्जिंगचा दिवा लागला तर आधी बेल्ट बघायचा. बऱ्याच जुन्या इंजिनांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर असतात. बेल्ट तुटला असेल तर प्रश्न फक्त बॅटरीचा उरत नाही, इंजिन काही मिनिटांत उकळतं. बेल्ट शाबूत असेल तर दिवसा, हेडलाइट आणि पंखे बंद ठेवून, चांगल्या बॅटरीवर यांत्रिक डिझेल बराच वेळ चालतं. त्याला फक्त स्टॉप सोलेनॉइडपुरती (पंपातलं डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) वीज लागते.

नवी_वाट

छान धागा. चढावर काटा वर जातो, सपाटीला लागलं की पुन्हा जागेवर येतो. आठवड्याला साधारण पाव लिटर कुलंट कमी होतं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. थर्मोस्टॅट बदलू की रेडिएटर?

तेरा_नंबर_पाना

दोन्ही नको. आधी रेडिएटरचं झाकण तपासा.

गाडी कधी तापते ते नीट बघा, अर्धं निदान त्यातच होतं. गर्दीत आणि हळू चालताना तापते, वेग घेतला की थंड होते, तर पंखा. चढावर किंवा वेगात तापते आणि हळू झाल्यावर उतरते, तर रेडिएटर आतून चोंदलाय, बाहेरून जाळीत किडे-धूळ अडकलीय किंवा झाकण दाब धरत नाही. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बंद अवस्थेत अडकलाय. काटा वर-खाली नाचत असेल तर आत हवा आहे.

झाकणाचं काम लोक गृहीत धरतात. साधं पाणी एरवी १०० अंशाला उकळतं, तेच १ बार दाबाखाली साधारण १२० अंशाला. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की ही वीस अंशांची मोकळीक जाते, आणि चढावर कुलंट वाफ होऊन ओव्हरफ्लोमधून निघून जातं. खाली थेंब दिसत नाही तो यामुळेच. झाकणावर दाब कोरलेला असतो, त्याच दाबाचं नवं बसवा. जास्त दाबाचं लावून फायदा होत नाही, उलट जुने होज फाटतात.

पंखा विजेचा असेल तर रेडिएटरवरच्या थर्मो-स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर स्विच गेलाय, आणि तशाच जोडून ठेवून पुढे जाता येतं. फिरला नाही तर फ्यूज, रिले, मग मोटर. व्हिस्कस कपलिंगचा (इंजिनवरच, आत घट्ट तेल असलेल्या जोडावर फिरणारा) पंखा असेल तर गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून, पात्याला हाताने झटका द्या. जड लागून लगेच थांबला तर ठीक. दोन-तीन फेऱ्या मोकळा फिरला तर कपलिंगमधलं सिलिकॉन ऑइल गेलंय.

थर्मोस्टॅट काढला तर पातेल्यात, तळाला न टेकवता, दोऱ्याने टांगून पाण्यात गरम करा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो. त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. "काढून टाका, तसंच चालवा" हा सल्ला सरसकट धरू नका. ज्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते, ती गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करते. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनमध्येच जातं आणि गाडी जास्त तापते.

तेरा_नंबर_पाना

काटा वर गेला त्या क्षणी काय करायचं ते राहिलं. केबिनचा हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण, खालचा गिअर, ॲक्सिलरेटर हलका. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. कडेला थांबल्यावर कुलंट बाहेर पडत नसेल तर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं साधारण १५०० आरपीएमवर ठेवा, पाणी फिरत राहतं.

पण होज फाटला असेल किंवा वर गेलेला काटा अचानक खाली पडला असेल, तर त्याच क्षणी इंजिन बंद. तो काटा थंड झाल्याचं सांगत नाहीये, सेन्सरभोवतीचं पाणी संपलंय. सेन्सर हवेत किंवा वाफेत आला की आकडा खोटा पडतो. हीटरमधून एकदम गार हवा यायला लागली तरी अर्थ तोच. इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं धातूचं झाकण) वाकतं ते याच दोन-चार मिनिटांत.

झाकणाला किमान पाऊण तास हात लावायचा नाही. मग जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत, वाफ जाऊ द्यायची, मग पूर्ण. गरम हेडवर गार पाणी एकदम ओतलं की तडा जातो. थंड होऊ द्या, मग इंजिन आयडलवर ठेवून थोडं थोडं भरा.

होज क्लिपजवळ फाटला असेल तर फाटलेला तुकडा कापून उरलेला होज ओढून बसवणं सगळ्यात उत्तम. मध्ये चीर असेल तर होज कोरडा करून स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप दुप्पट ताणत, प्रत्येक वेढा अर्ध्यावर चढवत, तीन थर. दोन्ही टोकांना क्लिप. झाकण पहिल्या खाचेवर सैल ठेवलं तर टेपवर दाब येत नाही, पण मग उकळबिंदू पुन्हा १०० वर येतो, आणि दोन हजार मीटर उंचीवर तो ९३ च्या जवळपास असतो. म्हणून हळू, चढ टाळत.

आणि नवी_वाट, झाकण बदलूनही कुलंट कमी होत राहिलं तर सकाळी थंड इंजिनवर वरचा होज हातात धरून सुरू करा. पहिल्या मिनिटातच तो टणक झाला तर ज्वलनाचा दाब पाण्यात शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलंय. खात्रीसाठी निळ्या द्रवाचा टेस्टर मिळतो. रेडिएटरच्या तोंडाची हवा त्यातून ओढायची, निळ्याचं पिवळं झालं की गॅस्केट गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती ओलाव्यानेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका.

गंज_नको

रेडिएटरमधल्या बारीक गळतीला सीलंटची बाटली ओतली तर?

तेरा_नंबर_पाना

माझं मत विरोधात आहे. ते सीलंट गळतीचं भोक ओळखत नाही. हीटर कोअरच्या (केबिनच्या हीटरमधला छोटा रेडिएटर) नळ्या सगळ्यात बारीक, तिथे ते आधी बसतं. दुसरा इलाजच नसेल तर हीटरचा व्हॉल्व्ह बंद करून वापरा आणि पोहोचल्यावर सिस्टिम पूर्ण धुवा. शक्य असेल तर गळणाऱ्या नळीची दोन्ही टोकं पकडीने चेपून दुमडा आणि इपॉक्सी लांबी (पुटी) लावा. एक नळी कमी झाल्याने फरक पडत नाही. वाटेत भरायला नुसतं डिस्टिल्ड वॉटर ठेवा. वेगवेगळ्या रंगांची कुलंट मिसळू नका, काही जातींचा एकत्र आल्यावर गाळ होतो.

व्होल्ट_बघा

विजेचं मी लिहितो. मल्टिमीटर नसेल तर हा भाग वाचून उपयोग नाही, तो आधी घ्या. साधा चालेल.

रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन सुरू असताना बॅटरीच्या टर्मिनलवरच १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर.

सेल्फ नुसता "टक" करतो आणि बॅटरी मात्र १२.६ दाखवते, ही जुन्या व्हॅनची ठरलेली तक्रार. सेल्फ काढू नका. एकाला किल्ली फिरवायला सांगा आणि तेवढ्यात मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावर) आणि इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा रस्ता खराब. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट, तिथे ०.५ च्या आत हवं. गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी बघा, बाहेरून हिरवी-काळी आणि आतून तुटलेली असते. ती गेली की सेल्फचा प्रवाह क्लच केबल किंवा ॲक्सिलरेटर केबलमधून परत जायला बघतो आणि केबल तापून जळते. तात्पुरता इलाज म्हणून जंप केबलचं एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. गाडी लगेच सुरू झाली तर निदान पक्कं.

चार्जिंग होत नसेल तर किल्ली चालू करून, इंजिन बंद ठेवून, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागतो का बघा. जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्याच्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर जागा होत नाही, निदान जोरात रेस केल्याशिवाय तरी नाही. दिवा लागत असेल तर पुढचा संशयित ब्रश. बहुतेक जुन्या अल्टरनेटरवर रेग्युलेटर आणि ब्रश एकत्र, मागे दोन स्क्रूंवर असतात. ब्रश ५ मिमीपेक्षा कमी उरले तर बदला. हा मुठीत मावणारा सुटा भाग आहे, सोबत ठेवावा.

रस्तावेडा

घराच्या बॅटरीवरून (राहण्याच्या भागासाठीची दुसरी बॅटरी) इंजिन सुरू करायचं असेल तर?

व्होल्ट_बघा

जाड जंप केबलने, थेट. स्प्लिट चार्ज रिलेच्या (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले) वायरीतून नको. ते रिले साधारण ३० ते ७० ॲम्पियरचे असतात आणि डिझेलचा सेल्फ २०० ॲम्पियरपेक्षा जास्त ओढतो. फ्यूज उडाला तर बरं म्हणायचं, नाहीतर रिलेचे पॉइंट चिकटतात आणि पुढे रोज रात्री घरातल्या वापराने इंजिनची बॅटरीही रिकामी होत राहते.

विषयाला धरून आणखी एक. घरासाठी लिथियम बॅटरी बसवली असेल तर साध्या रिलेने जुन्या अल्टरनेटरला जोडू नका. ती बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह घेत राहते, आणि अल्टरनेटर पूर्ण भाराखाली तासभर टिकायला बनवलेला नसतो. आयडलवर पंखा हळू फिरत असताना तर वाइंडिंग जळतंच. मध्ये प्रवाहावर मर्यादा ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवा.

पहाटेची_थंडी

डिझेल. सकाळी लगेच सुरू होतं, मिनिटभरात बंद पडतं. मग खूप सेल्फ मारावा लागतो, आणि एकदा धरलं की दिवसभर त्रास नाही. ग्लो प्लग?

काळा_धूर

ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हायला आतून गरम करणारे प्लग) नाही. ते गेले असते तर पहिल्यांदाच सुरू झालं नसतं. हे एअर घेणं आहे. रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतं, पंपात उरलेल्यावर मिनिटभर चालतं.

पंपाच्या आधीच्या होजचा वीतभर तुकडा काढून तिथे पारदर्शक इंधन पाइप घाला. सकाळी बुडबुडे स्पष्ट दिसतील. गळती बाहेर ओली दिसेलच असं नाही, कारण हा भाग ओढीचा आहे. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आधी फिल्टरच्या झाकणाची रबर रिंग, मग प्रायमरचा रबरी गोळा, मग नोझलांना जोडणारे परतीचे बारीक विणलेले पाइप. हे पाइप जुने झाले की बोटाने दाबताच चिरतात. मीटरभर नवा पाइप सोबत ठेवा, चारही एकदम बदला.

एअर काढायची रीत : फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की ते येत असतानाच स्क्रू आवळा. मग पंपाच्या इनलेटलाही तसंच. तरीही धरत नसेल तर नोझलांवरचे नट, बहुतेक १७ चे, एक फेरी सैल करून सेल्फ मारा. दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ जळेल. प्रत्येक नटाशी डिझेल फुटायला लागलं की एकेक आवळा. फवाऱ्यासमोर हात नको. त्या दाबाने डिझेल कातडी भेदून आत जातं, जखम टोचल्याएवढी दिसते पण हात गमवायची वेळ येते. तसं झालं तर तडक इस्पितळ. आणि कॉमन रेल (नव्या धाटणीच्या, संगणकाने चालणाऱ्या डिझेल) इंजिनवर नट सैल करण्याची ही रीत कधीही वापरायची नाही.

चालता चालता इंजिन एकदम, धक्का न देता, किल्ली फिरवल्यासारखं बंद पडलं तर स्टॉप सोलेनॉइड. किल्ली चालू-बंद करताना पंपावर "टिक" ऐकू यायला हवं. येत नसेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट वायर द्या. टिक आलं तर वायरिंगचा दोष, ती वायर तात्पुरती फ्यूज घालून ठेवा. तरीही टिक नाही तर सोलेनॉइड जळालं. बॉशच्या व्हीई रोटरी पंपावर ते काढून आतला दट्ट्या आणि स्प्रिंग बाहेर घेऊन नुसतं धड परत बसवता येतं. आधी आजूबाजूची घाण धुवा, एक कण आत गेला तर पंप संपला. यानंतर किल्लीने इंजिन बंद होणार नाही. वरच्या गिअरमध्ये, ब्रेक घट्ट दाबून, क्लच सावकाश सोडून बंद पाडायचं. सोबत असेल त्याला हे सांगून ठेवा.

ग्लो प्लग तपासायचे तर वरची पट्टी काढून टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लग जिवंत. चारही जिवंत असून गरम होत नसतील तर रिले.

उंच घाटात काळा धूर वाढला तर लगेच पंप उघडायला जाऊ नका. हवा विरळ, डिझेल तेवढंच. आधी एअर फिल्टर झटका.

गंज_नको

पेट्रोलवाल्यांसाठी एकच गोष्ट, पण ती आगीची आहे. इंधनाचे रबरी होज. विशेषतः मागे इंजिन असलेल्या जुन्या व्हॅनमध्ये इंजिनच्या वरून जाणारा जुना होज चिरतो आणि पेट्रोल गरम धातूवर पडतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जुनं रबर आणखी लवकर कडक होतं. होज वाकवून बघा, बारीक रेघा दिसल्या तर बदला. दिसल्या नाहीत तरी पाचेक वर्षांनी बदला. बाहेरून विणकाम असलेला होज नको, आतली चीर दिसत नाही. इथेनॉल चालतं असं लिहिलेला, एसएई जे३० आर९ दर्जाचा घ्या. अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी, मागच्या कपाटात नाही.

गाडीत गॅसचा वास आला तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, दारं उघडी, आणि कुठल्याही स्विचला हात नाही. बंद करण्यासाठीसुद्धा नाही.

उतारावर

ब्रेकचं राहिलंय. लांब उतारावर ब्रेक जाण्याचे दोन प्रकार आहेत आणि पायाला फरक कळतो. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापलेत. पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ चा उकळबिंदू नवं असताना किमान २३०, ओलावा धरल्यावर १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालली नसली तरीही. उतारावर ज्या गिअरने तो चढ चढला असता त्याच गिअरने उतरा, आणि ब्रेक सतत घासत ठेवू नका. ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा.

प्रत्येक थांब्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. एकच चाक भाजत असेल तर ब्रेक धरलाय किंवा बेअरिंग चाललंय. चाक उचलून बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग. खडखड नाही पण चाक फिरत नाही, तर कॅलिपरचा ब्लीड निपल उघडा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दोष कॅलिपरचा नाही, रबरी ब्रेक होज आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाहीये. मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा स्लायडर पिन गंजलीय. हे न बघता कॅलिपर बदलतात आणि महिन्याभरात तेच दुखणं परत येतं.

टायरची नक्षी बघून फसू नका. कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचाही बघा. आणि निघण्याआधी स्टेपनी एकदा प्रत्यक्ष खाली उतरवून बघा. तिची साखळी किंवा केबल गंजून अडकलेली असते, ते अंधारात पावसात कळू नये.

पहाटेची_थंडी

काळा_धूर, परतीच्या पाइपांवर बोट दाबलं आणि दोन चिरले. पाइप मागवलाय. क्लच केबल तुटली तर गाडी हलवता येते का?

काळा_धूर

येते. इंजिन बंद, पहिला गिअर, समोर मोकळी जागा, मग सेल्फ मारा. गाडी हिसके देत चालू लागते आणि इंजिन धरतं. वरचा गिअर घालताना ॲक्सिलरेटर सोडा, लगेच न्यूट्रल, आरपीएम उतरेपर्यंत दम धरा, मग लिव्हर नुसता टेकवा. वेग जुळला की आपोआप आत जातो, ढकलू नका. थांबायचं तर न्यूट्रल करून इंजिन बंद. गर्दीत हे करू नका, केबल सोबत ठेवणं सोपं आहे.

तेरा_नंबर_पाना

सोबत ठेवायचं ते असं : बेल्ट (गाडीला एकदा लावून बघितलेला), वरचा-खालचा होज, थर्मोस्टॅट गॅस्केटसह, क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल, इंधन फिल्टर, ब्रश-रेग्युलेटर, फ्यूज आणि दोन रिले, क्लिपा, सिलिकॉन टेप, बाइंडिंग वायर, पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, इंजिनला लागतं तेच ऑइल दोन लिटर. चॅसिस नंबर आणि इंजिन कोड दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. जुन्या मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्येच भाग बदललेले असतात, नुसतं साल सांगून चुकीचा पंप येतो.

जॅकच्या खाली जाड फळी, विरुद्ध चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. माणसं खाली उतरवा, गाडी हलते.

रस्तावेडा

टोचन करायची वेळ आली तर टो-हूक आधी शोधून ठेवा. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचा. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो आणि स्टिअरिंग जड होतं, त्यामुळे मागच्या गाडीतल्याला दुप्पट अंतर आणि दुप्पट जोर लागतो. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली आतच, चालू स्थितीत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर चालक चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधला ऑइल पंप फिरत नाही आणि आतला भाग कोरडा घासतो. ट्रकवर चढवायलाच सांगा, आणि फोनवरच गाडीची उंची आणि भरलेलं वजन कळवा, नाहीतर येणारा ट्रक लहान पडतो.